तीन नद्यांच्या काठी : उद्योगनगरीभोवतीच्या कौटुंबिक सहली

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा आज देशातील प्रमुख औद्योगिक क्षेत्रांपैकी एक म्हणून ओळखला जातो. पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना स्थापन झाला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आल्यानंतर पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांच्या शिवारांत कारखान्यांची रांगच उभी राहिली. या चार गावांची १९७० साली नवनगरपालिका झाली आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. पुढे चाकण, तळेगाव, रांजणगाव असा हा विस्तार होत गेला.

या वाढीबरोबर राज्याच्या कानाकोपऱ्यांतून, त्याचप्रमाणे परप्रांतांतूनही लक्षावधी कुटुंबे येथे येऊन स्थायिक झाली. मराठवाड्यातून, खानदेशातून अथवा विदर्भातून आलेल्या कामगाराला आपल्या कारखान्याचे फाटक, भाड्याची खोली आणि मंडई एवढाच परिसर परिचयाचा असतो. त्याची मुले मात्र याच मातीत वाढतात. ज्या नदीचे पाणी आपण पितो ती कोठे उगम पावते, शाळेच्या वाटेवरील पडका बुरूज कोणाचा, समोरच्या डोंगरात कोरलेल्या खोल्या कोणी कोरल्या, हे त्या मुलांना कळले तरच हे गाव त्यांचे होते. या दृष्टीने एका दिवसाची कौटुंबिक सहल ही केवळ करमणूक नसून परिसराशी नाते जोडण्याचे एक साधन आहे.

गुरुवारची सुटी

येथे एक व्यावहारिक बाब प्रथम नमूद करणे आवश्यक आहे. वीजपुरवठ्याच्या नियोजनाशी निगडित जुन्या व्यवस्थेमुळे या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुटी रविवारी नसून गुरुवारी असते. शाळांची सुटी मात्र रविवारी. परिणामी आईवडील आणि मुले यांना एकत्र मोकळा असा पूर्ण दिवस क्वचितच लाभतो. सण, मे महिन्याची सुटी किंवा पाळी बदलण्याचा दिवस एवढेच काय ते प्रसंग. म्हणूनच या भागातील सहली सकाळी निघून सायंकाळी परतता येईल अशा, कमी खर्चाच्या आणि सार्वजनिक वाहनाने साध्य होणाऱ्या असणे इष्ट ठरते. सुदैवाने पुणे-लोणावळा लोकल गाडी, परिवहन महामंडळाच्या बसगाड्या, एस. टी. आणि ६ मार्च २०२२ पासून पिंपरीपर्यंत धावू लागलेली मेट्रो यांमुळे अशी सोय बऱ्याच अंशी उपलब्ध आहे. एस. टी. मध्ये महिलांना मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आकारले जाते, तर ७५ वर्षांवरील ज्येष्ठ नागरिकांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास करता येतो. आजी, आई आणि दोन मुले अशा कुटुंबाच्या खर्चाचा हिशेब या सवलतींमुळे पुष्कळच हलका होतो.

या परिसराचा नकाशा समोर ठेवला असता एक गोष्ट चटकन ध्यानात येते. हा सारा औद्योगिक पट्टा पवना, इंद्रायणी आणि भीमा अशा तीन नद्यांच्या खोऱ्यांवर आडवा पसरलेला आहे. सहलींची आखणीही या तीन नद्यांच्या अनुरोधाने केली, तर स्थळे लक्षात राहतात आणि त्यांचा परस्परसंबंधही उलगडतो.

पवनेच्या खोऱ्यात

पवना ही मावळातील सह्याद्रीत उगम पावून दापोडीजवळ मुळेस मिळते. चिंचवड गावात तिच्या काठी मोरया गोसावी यांचे समाधिमंदिर आहे. गाणपत्य संप्रदायातील हे एक श्रेष्ठ स्थान. मंदिराचा घाट, दगडी बांधणी आणि जवळचा मंगलमूर्ती वाडा पाहताना कारखान्यांच्या भोंग्यांपूर्वीचे चिंचवड डोळ्यांसमोर उभे राहते. पावसाळ्यात पवनेचा पूर मंदिराच्या परिसरात शिरतो, तेव्हा जुन्या गावाचे नदीशी असलेले नाते आपोआपच प्रत्ययास येते.

याच चिंचवडचे दामोदर, बाळकृष्ण आणि वासुदेव हे चापेकर बंधू. प्लेगच्या काळातील जुलमामुळे संतप्त होऊन २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यानंतर तिघाही भावांना फाशी देण्यात आले. त्यांचे स्मारक चिंचवड गावातच आहे. एका घरातील तीन मुलगे फासावर गेले, ही घटना त्याच गावात उभे राहून ऐकताना विद्यार्थ्यांच्या मनावर होणारा परिणाम पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा निश्चितच खोल असतो.

शहराच्या हद्दीत लहान मुलांसाठी निगडीची दुर्गा टेकडी, शिवछत्रपती आणि संत तुकाराम यांच्या भेटीचे शिल्प असलेले भक्ती-शक्ती उद्यान आणि चिंचवडचे विज्ञान केंद्र ही ठिकाणे अर्ध्या दिवसाच्या भेटीस योग्य आहेत. पाळी संपवून आलेल्या पालकास दूरचा प्रवास झेपत नसेल, तर ही स्थळे सोयीची ठरतात. विज्ञान केंद्रात उपकरणे हाताळून पाहण्याची मुभा असल्याने यंत्रावर काम करणारा बाप आपल्या मुलाला तरफ आणि कप्पी यांचे तत्त्व तेथे स्वतःच समजावून देऊ शकतो.

पूर्ण दिवस हाताशी असल्यास पवनानगरकडे जावे. पवना धरणाचे पाणी नदीपात्रातून रावेतपर्यंत येते, तेथे ते उचलले जाते आणि निगडी येथे शुद्ध होऊन घरोघरी पोहोचते. आपल्या नळाचा हा प्रवास मुलांना उलट्या दिशेने दाखवावा. निगडीपासून रावेत आणि रावेतपासून धरण असा हा पाठ एका दिवसात पुरा होतो. ज्यांच्या जमिनींवर हा जलाशय उभा राहिला, त्या मावळातील शेतकऱ्यांच्या त्यागाची जाणीवही या निमित्ताने करून देणे उचित होय.

धरणाभोवती लोहगड, विसापूर, तिकोना आणि तुंग हे किल्ले पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. यांपैकी लोहगड कुटुंबासाठी सर्वांत सोयीचा. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी वळणे घेत जाणारी त्याची पायऱ्यांची वाट आबालवृद्धांना चढता येते. विंचूकाटा नावाची अरुंद सोंड गडावरून पाहण्यासारखी असली, तरी लहान मुलांना तिच्यावर नेऊ नये. जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. त्यांत लोहगड आणि शिवनेरी हे दोन्ही आहेत. एकाच औद्योगिक वसाहतीतून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अंतरावर दोन जागतिक वारसास्थळे असावीत, ही गोष्ट अभिमानाची तशीच जबाबदारीचीही आहे.

इंद्रायणीच्या काठाने

लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी ही या परिसराची सांस्कृतिक जीवनरेखा होय. लोकल गाडीने मळवली स्थानकावर उतरले, की एका बाजूस कार्ला आणि दुसऱ्या बाजूस भाजे अशी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी भेटतात. कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठ्या शैलचैत्यगृहांपैकी एक आहे. त्याच्या छताला बसविलेल्या लाकडी फासळ्या आजही टिकून आहेत. वैजयंती नगरीतील भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा लेख तेथे कोरलेला आहे. घाटमाथ्यावरील व्यापारी मार्ग, त्यावरून जाणारे तांडे आणि त्यांच्या दानातून कोरली गेलेली लेणी हा संबंध समजावून सांगितला, म्हणजे याच मार्गाजवळ आजचा महामार्ग आणि आजचे कारखाने का आले, हेही विद्यार्थ्यांना उमगते. मळवलीऐवजी कामशेतला उतरून बेडसे लेणी पाहिली, तर तेथे गर्दी कमी आणि निवांतपणा अधिक. केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेशशुल्क नसते, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

त्याच लोहमार्गावरील वडगाव मावळ हे इतिहासातील एक महत्त्वाचे ठिकाण आहे. मुंबईहून पुण्यावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेला जानेवारी १७७९ मध्ये मराठ्यांनी येथे कोंडून तह करावयास लावला. महादजी शिंदे यांचे स्मारक तेथे उभारण्यात आले आहे. पुढचे तळेगाव दाभाडे हे सेनापती दाभाडे घराण्याचे गाव. स्वदेशीच्या चळवळीत एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ मध्ये याच तळेगावात सुरू झाला. आज या परिसरात मोठमोठे कारखाने दिसतात. त्यांच्या आधी सामान्य माणसाच्या पैशातून येथे उद्योग उभा राहिला होता, ही गोष्ट कामगारांच्या मुलांना आवर्जून सांगावी अशी आहे.

देहूरोडच्या पुढे बेगडेवाडी स्थानकाजवळ घोरावडेश्वराचा डोंगर आहे. शेलारवाडीची लेणी म्हणून ओळखली जाणारी ही बौद्ध लेणी, त्यातील शिवमंदिर आणि माथ्यावरून दिसणारे दृश्य यांसाठी तासा-दीड तासाची चढण पुरेशी आहे. एका बाजूस मावळचे डोंगर आणि दुसऱ्या बाजूस उद्योगनगरीच्या इमारती असे दोन्ही पट एकाच वेळी येथून दिसतात.

देहू आणि आळंदी ही तर महाराष्ट्राची तीर्थक्षेत्रे. देहू हे तुकोबारायांचे जन्मस्थान. इंद्रायणीत बुडविलेली गाथा पुन्हा वर आल्याची कथा याच डोहाशी निगडित आहे. तुकोबांच्या चिंतनाची म्हणून सांगितली जाणारी भंडारा आणि भामचंद्र ही डोंगरस्थळेही जवळच आहेत. त्यांपैकी भामचंद्र चाकणच्या औद्योगिक क्षेत्रालगत असल्याने त्याच्या भोवतीची शांतता राखणे हे अधिकाधिक कठीण होत चालले आहे. आळंदी येथे ज्ञानेश्वर महाराजांनी १२९६ साली समाधी घेतली. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून आणि अष्टमीस आळंदीहून पालख्या निघतात. कुटुंबासह शांतपणे दर्शन घ्यावयाचे असल्यास वारी, कार्तिकी आणि एकादशीचे दिवस टाळून साधा वार निवडणे श्रेयस्कर.

आळंदीच्या पुढे तुळापूर येथे इंद्रायणी भीमेला मिळते. ११ मार्च १६८९ रोजी छत्रपती संभाजी महाराजांनी मृत्यूला सामोरे जाऊन जे धैर्य दाखविले, त्याचे स्मरण या संगमावर आणि जवळच्या वढू बुद्रुक येथे केले जाते.

चाकण ते भीमाशंकर

चाकणची ओळख आज मोटारींमुळे आणि त्याआधी कांदा-बटाट्याच्या बाजारामुळे झाली. परंतु इतिहासात हे गाव संग्रामदुर्गामुळे अजरामर झाले आहे. १६६० च्या पावसाळ्यात शास्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांनी हा छोटासा भुईकोट सुमारे दोन महिने झुंजविला. अखेर भुयार खणून, सुरुंग लावून बुरूज उडविल्यावरच मोगलांना आत शिरता आले. डोंगराचा आधार नसलेला, केवळ तट आणि खंदक यांच्या बळावर लढलेला हा किल्ला आज भर वस्तीत आहे. उरलेला तट, बुरूज आणि खंदकाच्या खुणा पाहण्यास तासभर पुरतो. जवळचे चक्रेश्वर मंदिरही पाहून घ्यावे. चाकणच्या शाळांनी दर वर्षी एका इयत्तेला तरी संग्रामदुर्गाची प्रदक्षिणा घडविली, तर या वास्तूकडे पाहण्याची गावाची दृष्टी बदलल्यावाचून राहणार नाही.

चाकणहून नाशिक महामार्गाने पुढे गेल्यावर भीमेकाठी राजगुरुनगर म्हणजे पूर्वीचे खेड लागते. हुतात्मा शिवराम हरी राजगुरू यांचा जन्म २४ ऑगस्ट १९०८ रोजी येथे झाला आणि २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग आणि सुखदेव यांच्यासह ते फासावर गेले. नदीकाठचा त्यांचा वाडा स्मारक म्हणून जतन करण्यात आला आहे. चिंचवडचे चापेकर स्मारक आणि राजगुरुनगरचा वाडा ही दोन ठिकाणे एकाच दिवशी पाहता येतात. तीन दशकांहून अधिक काळाच्या अंतराने घडलेल्या दोन बलिदानांची ही यात्रा प्रत्येक माध्यमिक शाळेने आयोजित करावी, अशी आहे.

राजगुरुनगरजवळील चास हे थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांचे माहेर. तेथून पुढे भीमाशंकरचा रस्ता जातो. ज्योतिर्लिंगाबरोबरच हे भीमेचे उगमस्थान आहे आणि १९८५ साली घोषित झालेले अभयारण्यही. राज्यप्राणी शेकरू याच रानात आढळतो. त्याला खाद्यपदार्थ टाकू नयेत आणि प्लास्टिक मागे ठेवू नये, हे मुलांना आधीच सांगावे. मंदिरपरिसरात विकासकामांमुळे दर्शनाच्या व्यवस्थेत वेळोवेळी बदल होतात. तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करणे योग्य.

नाशिक महामार्गानेच नारायणगावपर्यंत गेल्यास एका बाजूस जुन्नर आणि दुसऱ्या बाजूस खोडद अशी दोन अगदी भिन्न स्थळे भेटतात. जुन्नरचा शिवनेरी हे शिवछत्रपतींचे जन्मस्थान आणि लेण्याद्री हे अष्टविनायकांपैकी एक, मूळच्या बौद्ध लेण्यांत वसलेले. खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत विखुरलेल्या आहेत. प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभारण्यात आली. माणसाच्या यंत्रांतून उठणारा रेडिओ गोंगाट कमी असल्याने ही जागा निवडण्यात आली होती. यंत्रांच्या गावात राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट विशेष विचार करावयास लावील. राष्ट्रीय विज्ञानदिनी, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, तेथे भरणाऱ्या प्रदर्शनाचा लाभ शाळांनी अवश्य घ्यावा.

आनंदाच्या वाटेवरील धोका

आतापर्यंत सांगितलेली स्थळे जितकी आनंददायक, तितकीच काही प्रसंगी जीवघेणी ठरली आहेत. या बाबीचा विचार सहलीच्या आखणीत गौण मानता येणार नाही. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण पाण्याच्या लोंढ्यात वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी, रविवारच्या गर्दीत, तळेगावजवळ कुंडमळा येथील इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चार जणांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. ११ ऑगस्ट २०२५ रोजी, श्रावणी सोमवारी, खेड तालुक्यातील पाईट परिसरात कुंडेश्वराच्या दर्शनास निघालेल्या महिलांची मालवाहू गाडी दरीत कोसळून अनेक घरांवर आघात झाला.

या तीनही घटना निरनिराळ्या असल्या तरी त्यांचे धडे एकमेकांना पूरक आहेत. पावसाळ्यात घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाली ऊन असतानाही ओढ्याचे पाणी क्षणार्धात वाढवितो. पाण्याच्या मध्ये असलेला खडक ही बसण्याची जागा नव्हे. कुंडमळ्याला पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे पाहण्यासारखे आहेत, परंतु ते काठावरूनच पाहावेत. जुना पूल धोकादायक झाला असेल तर केवळ फलक लावून भागत नाही. माणसाला आणि दुचाकीला ओलांडता येणार नाही असा पक्का अडसर तेथे हवा आणि सुटीच्या दिवशी जागेवर माणूस हवा. आणि मालवाहू वाहन हे माणसांसाठी नसतेच. ज्या गावाकडे बस जात नाही, त्या गावच्या यात्रेच्या दिवशी जादा बसची मागणी वेळेवर नोंदविणे हा अपघात टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

दुसरा धोका संथ गतीने येणारा आहे. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना गेल्या काही वर्षांत वारंवार दिसला आहे. कारखान्यांचे आणि वस्त्यांचे प्रक्रिया न केलेले सांडपाणी हे त्यामागील कारण आहे. पवना मुळेतून, मुळा-मुठा भीमेतून आणि इंद्रायणी तुळापूरला भीमेतून, असे या तीनही खोऱ्यांचे पाणी अखेर उजनीत आणि तेथून पंढरपूरच्या वाळवंटात पोहोचते. देहू-आळंदीहून निघालेली वारी ज्या चंद्रभागेत स्नान करते, तिच्यात आपल्याच नाल्यांचे पाणी मिसळलेले असते. पालखी आणि पाणी हे दोन्ही एकाच गावाहून निघून एकाच गावाला जातात, ही गोष्ट नदीकाठच्या प्रत्येक सहलीत मुलांना समजावून सांगितली पाहिजे.

ग्रामपंचायती आणि शाळा यांचे कार्य

या संदर्भात ग्रामपंचायतींकडून बरेच काही होऊ शकते आणि त्यासाठी फार मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायत अधिनियमात यात्रेकरूंवरील कराची तरतूद आहे. त्याच्या आधारे जमणारी रक्कम प्रथम स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी आणि कचरा उचलणे यांवर खर्च व्हावी. महिला आणि मुले असलेले कुटुंब एखादे स्थळ निवडताना सर्वप्रथम स्वच्छतागृहाची चौकशी करते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. गावातील बचत गटांकडे भाकरी-पिठले, ताक, इंद्रायणी तांदूळ यांची विक्री सोपविल्यास सहलीचा पैसा गावातच राहील. वाटाड्या म्हणून काम करू इच्छिणाऱ्या युवकांना गावचा इतिहास आणि प्रथमोपचार या दोहोंचे शिक्षण द्यावे. पावसाळ्यापूर्वी पूल, कठडे आणि धोक्याच्या जागा यांची पाहणी ग्रामसेवक, तलाठी आणि सरपंच यांनी एकत्र करून तिचा अहवाल तहसील कार्यालयास पाठवावा आणि त्याची पोच जपून ठेवावी.

शिक्षकांनी सहलीआधी एक तास आणि सहलीनंतर एक तास राखून ठेवावा. आधीच्या तासात नकाशावर नदीचा मार्ग काढून घ्यावा. नंतरच्या तासात मुलांनी पाहिलेल्या गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहाव्यात. सहलीच्या यादीत शिक्षकांची संख्या पुरेशी असावी, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि पाण्याजवळ उतरण्याचा कार्यक्रम मुळीच ठेवू नये. गुरुवारच्या सुटीचा प्रश्नही शाळा आणि कारखाने यांनी परस्परांशी बोलून काही अंशी सोडवता येईल. वर्षातून एक गुरुवार शाळेने ‘पालक-विद्यार्थी सहली’चा दिवस म्हणून ठरविला, तर अनेक कामगारांना आपल्या मुलांबरोबर गड चढण्याची पहिली संधी मिळेल.

उद्योगनगरी म्हणजे केवळ उत्पादनाचे आकडे नव्हेत. दोन हजार वर्षांची लेणी, संतांच्या समाध्या, हुतात्म्यांचे वाडे आणि आकाशाचा वेध घेणाऱ्या दुर्बिणी यांच्या मधोमध ती वसली आहे. हा ठेवा तेथे राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचावा, तेथे जाणारे प्रत्येक कुटुंब सुखरूप परतावे आणि त्याच्या पावलांनी ते स्थळ मलिन होऊ नये, या तीन गोष्टी साधल्या तरच विकास पूर्णत्वास गेला असे म्हणता येईल. त्यासाठीची पहिली पाहणी येत्या पावसाळ्यापूर्वीच व्हावी.